सैपाकघरातली मेडिक

ऊसतोड सुरू झाली की आमच्या घरात लढाई सुरू हुती.

यंदाबी झाली. परवा कारखान्याचा भोंगा वाजला. फलटनच्या रस्त्याला ट्रॉल्यांची रांग लागली, गानी लावून, वर मोळ्या डुलत्यात. हवंत पाचटीचा वास, आन् वारं फिरलं की मळीचा. भांडी घासून मी हात पुसत हुते, तवर सोप्यातनं आमच्या मालकांचा आवाज आला, "दाहिने देखो, दाहिने! पीला मकान, उपर की खिडकी!" दारावरनं चालल्याला टोळीवाला मानूस थबकला आन् आमच्याच खिडकीकडं बघाय लागला. मी म्हनलं, "जा बाबा, तुला न्हाई म्हनत. आमच्यात लढाई चाललीया."

पंच्याहत्तरीचा मानूस हातात टॅब घिऊन बंदुका चालीवतोय, ह्येचं आता गावाला नवल राहिलं न्हाई. मलाबी न्हाई. पन गेल्या साली ह्याच दिसांत माज्या पोटात जे पेटलं हुतं, ते पाचटीचा वास आला की अजून धगतंय. इझलंय म्हनावं तर हात भाजतोय.

मालक म्हंजे आमचं ह्ये, फौजेतलं हवालदार. लगीन झालं तवा मी सोळाची. पंधरा दिस राहिलं आन् गेलं. मग वरसाला दोन म्हैनं यायचं, ट्रंक आडवी टाकायचं, तिच्यावर बसून दाढी करायचं. मी हितं सासूचं बोलनं, ऊसाचं पानी, दोन म्हसरं, समदं एका अंगावर काढलं. कुनी इचारलं तर म्हनायचं, बरं हाय. पेन्शनीला आलं तवा वाटलं, आता आपली पाळी. तर ह्ये रानात गेलं. झुंजुमुंजू झालं की रानात, आन् सांजला देवळाच्या कट्ट्यावर. घरात आलं की जेवायचं आन् झोपायचं. बोलनं कसलं? "मीठ हाय का?" ह्येला जर बोलनं म्हनत असतील तर लय बोललो आमी.

म्हनून गेल्या दिवाळीच्या तोंडाला ह्येंच्या दोनी गुडघ्यांचं आपरेशन ठरलं, तवा मला वंगाळ वाटाय पायजे हुतं. वाटलं, न्हाई असं न्हाई. पन आत कुटंतरी मी म्हनलं, गुडघं गेलं तर गेलं, मानूस तर घरात बसंल.

बसलं. सोप्यात खाटंवर. बाहीर आमचाच ऊस तुटत हुता, कोयत्याचा आवाज घरापातूर यायचा, आन् ह्ये छताकडं बघत पडल्यालं. मी शेंगा फोडायला मुद्दाम खाटंपाशी बसायची. चार दिस बसले. पाचव्या दिशी आमच्या सूनबाईनं, सुनीतानं, ह्येंच्या हातात टॅब दिला. सुनीता म्हंजे लय चांगली पोरगी, पन त्या दिशी मला ती वैरीन वाटली.

"मामा, शिरवळच्या शिंदेकाकांचा फोन आलता," ती म्हनली. "ते, बापूकाका आन् अण्णाकाका समदे एक खेळ खेळत्यात. चार जनांची तुकडी लागती. चौथं मानूस तुमीच पायजे म्हनत्यात."

ह्ये तिघं ह्येंच्या पलटनीतलं. शिंदे शिरवळचं. बापू खंडाळ्याचं, ह्येंच्यापेक्षा धाकटं, ह्येंना अजून उस्ताद म्हनत्यात. आन् अण्णा सांगलीकडचं, जैनाचं. फौजेत गाडी चालवायचं. खेळातबी गाडीच चालीवत्यात, बंदूक हातात घेत न्हाईत. बापू त्येंना डिवचायचं, "अण्णा, आरं खेळातली मानसं हायती, मार की एक!" अण्णा म्हनायचं, "मुंगी वाचवून चालतो मी गड्या, मानूस कशाला मारू? तू मार, मी तुला पळवून आनतो." सांज व्हायच्या आत अण्णाचं जेवान, म्हनून पाचला लढाई बंद. जगातली येवढी एकच लढाई आसंल, जी जैनाच्या ताटापायी थांबायची.

तीन ते पाच. रोज.

त्या दोन तासांत आमच्या सोप्यात मला ठाऊक न्हवता असा मानूस बसायचा. पाठ ताठ. आवाज खनखनीत. "बापू, भितीला चिकटून चल. मी हाय मागं." "शिंदे, दम धर, घाई नको." कुनी पडलं की "पडून र्‍हा, आलोच मी, डोळं उघडं ठेव रं!" आन् हसायचं. आसं हसायचं की खाट हलायची. मी सैपाकघरात भाकरी थापता थापता थांबायची. इतक्या वर्सांत ह्येंच्या तोंडाला हसू बघितलंय मी, पन आवाज आयकला न्हवता. एकदा तर बापूला इचारलं, "जेवलास का रं?" माज्या हातातली भाकरी परातीतच मोडली. माज्या हातचं आयुक्षभर खाल्लं ह्येंनी. मी जेवले का, हे कवा इचारलं न्हाई.

सवत आसती तर झिंज्या धरल्या असत्या. हितं कुनाच्या धरू? तिघं म्हातारं. त्यातल्या दोघांस्नी टक्कल.

मी लहानसहान वंगाळ कामं केली, सांगते. ऐन लढाईत चा नेऊन पुढ्यात धरायची. "आगं, सर की, गोळ्या चालल्यात!" मी म्हनायची, "चा निवतोय." एकदा कोपऱ्यातल्या त्या लुकलुकत्या इंटरनेटच्या डबीचं बटन झाडताना बंद केलं. जानून केलं. ह्ये ओरडाय लागलं, टॅब हलवाय लागलं. इतक्यात अण्णाचा फोन माज्यावर, "वैनी, लाईट गेली व्हय तुमच्यात?"

"व्हय, गेली की."

"आवं पन मागं टीवी वाजतोय."

मी फोन ठिवला. ह्येंनी माज्याकडं बघितलं आन् टॅब पालथा घातला. रागं भरलं असतं तरी चाललं असतं मला.

आन् मग ती दुपार. मी शेवग्याच्या शेंगा सोलत उंबऱ्यात बसल्याली. खेळ सुरू व्हायचा हुता, शिंदे अजून यायचं हुतं, म्हनून नुसतं बोलत बसल्यालं. बापूच्या नातीचं लगीन ठरल्यालं. ह्ये कानाला ते हेडफोन लावून, डोळं मिटून म्हनलं, "मंदी असती तर तिचीबी नात आता शाळंत जात असती बापू."

मंदी. आमची पहिली लेक. पंचेचाळीस वर्सांत ह्या घरात ते नाव ह्येंच्या तोंडातनं निघालं न्हवतं. मला वाटायचं इसरलं. फौजेतल्या मानसाचं काळीज वायलं आसतंय, आसं मी स्वताला सांगितल्यालं आन् त्यावर आयुक्ष काढल्यालं. आन् हितं, माज्यापसनं चार हातांवर, ते नाव ह्येंनी खंडाळ्याला धाडलं. मला न्हाई दिलं.

माज्या हातातली शेंग तशीच राहिली. मी रडले न्हाई. मला रडाय येत न्हाई, ते तवाच आटलं. पन पोटातनं जी कळ गेली ती दुख्खाची न्हवती. खोटं कशाला बोलू. ती हेव्याची हुती.

मंदीबी ऊसतोडीतच गेली. तवा ट्रॅक्टर न्हवतं एवढं, बैलगाड्या असायच्या. अडीच वरसाची, ताप डोक्यात गेल्याला, आकडी येत हुती. मी तिला शालीत गुंडाळून दिराच्या गाडीतनं फलटनला नेत हुते. रस्ताभर ऊसाच्या गाड्या. गाडीवान चांगलं, बाजूला सरायचं, पन सरायचं कुटं? दोनी अंगाला पाट. ती माज्या मांडीवर हुती आन् बैलांच्या गळ्यातली घुंगरं वाजत हुती. एका जागी मला कळलं की आता घाई करायची गरज न्हाई. मी दिराला म्हनलं, गाडी वळवा. तेवढंच म्हनलं.

ह्येंना तार केली. ह्ये आलं चार म्हैन्यांनी. तिकडं वर डोंगरात बर्फ पडल्यालं, वाट बंद, म्हनून आलं न्हाईत, आसं सासरा म्हनला. मी बर्फ कवा बघितला न्हवता. अजून न्हाई. पन चार म्हैनं मी त्या बर्फाला शिव्या दिल्या. ह्ये आलं, ट्रंक आडवी टाकली, आन् दुसऱ्या दिशी गोठ्याचं छप्पर शाकारलं. मंदीचं झबलं मी पेटीत ठिवल्यालं, ते ह्येंनी बघितलं, झाकन लावलं. संपलं.

न्हाई, संपलं न्हवतं. खंडाळ्यात चालू हुतं.

त्या दिसापासनं मला एकच ध्यास लागला. जे बापूला सांगितलंय ते मला आयकायचं. ह्येंच्या तोंडातनं. मला माझा वाटा पायजे. मी सरळ इचारलं असतं तर ह्येंनी मीठ मागितलं असतं.

आन् शिंद्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. आपरेशन झालं, डाक्टरनं म्हैनाभर मोबाईल बंद केला. तुकडी तिघांची झाली. चौथा म्हनून कुनी परका यायचा, कुठल्या कुठला, आन् ह्या म्हाताऱ्यांना हळू चालत्यात म्हनून घान घान शिव्या द्यायचा. अण्णा आवाजच बंद करून टाकायचं. मी आयकत हुते. चौथ्या दिशी मी पदर खोचून सोप्यात गेले.

"आवं, मी बसते चौथी."

ह्येंनी टॅबवरनं मान वर केली. "तू?"

"का? मला बोटं न्हाईत?"

हेडफोनमधनं बापूचं हसनं मला हितं आयकू आलं. "घ्या उस्ताद, घ्या! वैनीस्नी मेडिक करा. बंदूक नको, पट्ट्या बांधत्याल."

मेडिक म्हंजे पडलेल्याला उठवनारी. सुनीतानं तिचा मोबाईल आन् हेडफोन दिलं, समदं शिकीवलं. मानूस पडलं की त्येच्या डोक्यावर लाल कडं येतंय, ते बारीक बारीक होत जातंय. ते संपायच्या आत जवळ जाऊन बसायचं, बोट दाबून धरायचं, धा मोजायचं. तो उठतो. मी म्हनलं, "येवढंच? धा मोजलं की उठतो?" सुनीता म्हनली, "व्हय आत्या."

दोन फोन एका जागी आलं की कानात शिट्टी वाजती. म्हनून ह्ये सोप्यात आन् मी सैपाकघरात, मधी भित. लगीन होऊन पन्नासावर वर्सं झाली, आन् पहिल्यांदा ह्येंचा आवाज माज्या कानाच्या आत आला. "आगं, आलीस का? मागं र्‍हा माज्या." अंगावर काटा आला. पन तसंच ते बापूलाबी म्हनत हुतं, हे ध्यानात आलं आन् काटा मोडला.

पहिल्या दिशी गोळ्या वाजल्या आन् मी खेळातल्या भितीआडनं उठून बघाय गेले, शेजारी भांडान लागल्यावर बघतो तशी. लगीच मेले. अण्णा म्हनलं, "वैनी, हितं बघाय जायचं नसतंय, लपायचं असतंय." दुसऱ्या दिशी ह्ये पडलं. खेळात नेम असा की कोन पडलं त्येचं नाव वरडून सांगायचं. मी वरडले, "आवं ह्येंना लागलं! ह्येंना!"

"ह्येंना म्हंजे कुनाला?" बापू.

"ह्येंनाच की!"

"वैनी, नाव घ्या, नाव!"

नाव कसं घ्यावं? कवा घ्येतलं न्हाई. "तुमच्या उस्तादांना!" म्हनेपातूर ह्येंचं कडं संपलं. ह्ये सोप्यातनं भितीपलीकडनं वरडलं, "मेलो की मी तुझ्या सोवळ्यापायी!" तिघंबी हसलं. मीबी हसले. पदर तोंडाला लावून, एकटीच, सैपाकघरात.

आठ पंधरा दिसांत हात बसला. मग मला कळाय लागलं की ह्या खेळात लढाई थोडी आन् वाट बघनं लय. पडक्या घरात बसायचं, खिडकीकडं बंदूक लावून, काय होतंय का बघत. कानात चौघांचा नुसता श्वास. तवा ही मानसं बोलत्यात. तोंड दिसत न्हाई, नजर चुकवायची गरज न्हाई. मला वाटलं, आसंच वर बर्फात बसून बोलत आसतील. माज्या वाट्याची ज्वानी आसं बोलण्यात गेली ह्येंची.

त्या दिशी आमी तसंच एका पडक्या घरात हुतो. बापू दारापाशी, ह्ये जिन्यावर, मी भितीला. अण्णा खाली गाडीत. बाहीर आमच्या खऱ्या रस्त्याला ट्रॉली गेली, तिचं गानं ह्येंच्या टॅबमधनं माज्या कानात आलं. बापू एकदम म्हनलं, "उस्ताद, सांगा आता वैनीस्नी. न्हाईतर मी सांगतो. माज्यानं आता त्येंच्या हातची पट्टी बांधून घेववत न्हाई."

मी म्हनलं, "काय सांगायचं ऱ्हायलंय?"

मग माज्या कानात ह्येंचा आवाज, हळू, "तार मिळाली तवा साहेबानं सुट्टी दिल्ती मला. खाली जानारी शेवटची गाडी हुती. त्यात एक जागा. ती गेली की वाट बंद."

"मग?"

"जागा माजी हुती."

"ती मी घ्येतली, वैनी," बापू म्हनलं. "माजं लगीन ठरल्यालं."

"त्येनं न्हाई घ्येतली. मी दिली." ह्येंचा श्वास वाजला. "म्हनलं माजं जाऊन काय हुनार. पन ते खरं न्हाई. तू दारात उभी असशील. रिकामी. ते मला बघवलं नसतं. म्हनून दिली."

बापूच्या लग्नाची पत्रिका आली हुती आमच्या घरी. सुतकात हुतो म्हनून गेलो न्हाई. चुलीपाशी बसून मी ती पत्रिका हातात घ्येतल्याली आठवली. त्यावर हळदीचं बोट हुतं. मी म्हनल्यालं, कुनाचंतरी चांगलं झालं. आन् ते माज्यातनं तोडून दिल्यालं हुतं.

तवाच गोळ्या सुरू झाल्या. बापू दारातच पडलं. माज्यापसनं दोन पावलांवर. त्येंच्या डोक्यावर लाल कडं आलं आन् बारीक होत चाललं.

"बापू पडला! मेडिक, कुटं हायस?" ह्ये वरडलं.

मी हुते तितंच हुते. बोट पडद्यावर धरल्यालं, पन पुढं सरलं न्हाई. फोनात धा मोजायचं हुतं, मी तशीच मोजत बसले. एक. दोन. तीन.

"मेडिक! आगं ए!"

"ऱ्हाऊ द्या उस्ताद," बापूचा आवाज आला. "वैनी, पडू द्या मला. बरोबर हाय तुमचं."

कडं संपलं. बापू मेलं. मग ह्ये मेलं. अण्णा गाडी सोडून कुटं जानार, तेबी मेलं. मी एकटी भितीला टेकून उभी हुते. मग मीबी.

मोबाईल मी फळीवर ठिवला, डब्यांच्या मधी. चुलीवर पातेलं ठिवलं. काय शिजवायचं ते ठरीवलं न्हवतं. मागं काठीचा आवाज आला. डाक्टरनं सोप्यातनं सैपाकघरात यायला मनाई केल्याली, मधी पायरी हाय. ह्ये ती पायरी उतरून आलं. कानात काय न्हवतं. हात भितीला. घामानं डबडबल्यालं.

मी पाट सरकवला न्हाई, खुर्ची दिली. गुडघं नवीन हुतं.

"बोला," मी म्हनलं. "आता कानात न्हाई. हितं. माज्याकडं बघून."

बघितलं त्येंनी. पहिल्यांदा खाली, मग चुलीकडं, मग माज्याकडं. आन् बोललं. सुनीता रानातनं येईपातूर बोललं. पातेल्यातलं पानी आटून करपलं, कुनी उठलं न्हाई. मंदीचं झबलं कुटल्या रंगाचं हुतं तेबी त्येंना ठाव हुतं.

काय काय बोललं ते मी हितं सांगत न्हाई. राग गेला का? थोडा ऱ्हायला. हेवाबी ऱ्हायला. जे मला चुलीपाशी मिळालं, ते मिळायला पंचेचाळीस वर्सं आन् दोन गुडघं लागलं, आन् बापूला पहिल्याच वर्सी फुकट मिळाल्यालं. ते कसं फिटंल?

शिंद्यांचा डोळा बरा झाला, तरी मी मेडिक ऱ्हायले. शिंद्यांना बाहीर बसवलं. यंदा ट्रॉल्या सुरू झाल्या तसं आमी पुन्हा बसलो, ह्ये सोप्यात आन् मी हितं. काल बापू पडलं, एका पुलाच्या आडोशाला. मी गेले, जवळ बसले, बोट दाबलं.

त्येंनी हळूच इचारलं, ह्येंना आयकू जाऊ नये तशा आवाजात, पन हितं समद्यांनाच आयकू जातंय, "वैनी, त्या दिशी सैपाकघरात उस्ताद काय बोललं वो तुमच्याशी? आमाला तर कायबी सांगत न्हाईत."

कडं बारीक होत हुतं. सोप्यात ह्ये वाट बघत हुतं, मी काय म्हनते त्येची.

मी म्हनलं, "गप पडा. पट्टी बांधतीय."